पंचफुलाबाईंनी पुसलं नाही

‘नाही’ म्हणताना पंचफुलाबाईंना कधी आवाज चढवावा लागला नाही. त्या चष्मा काढून पदराने पुसू लागल्या की समोरच्याने ओळखावं, हे काम काही होत नाही.

तेलंगणात, आदिलाबाद जिल्ह्यातल्या जैनथकडच्या एका गावातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत त्या विज्ञान शिकवतात. पुस्तकातलं विज्ञान पोरांच्या डोक्यावरून जातं, हे नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी स्वतःचे धडे लिहायला घेतले. मूळ शिकवायचं ते पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या झाडाचं, प्रवाह शिकवायचा तो पैनगंगेचा. पोरं जिथे अडतील ते वाक्य पुढच्या वर्षी बदलायचं, ही त्यांची रीत. वर्षानुवर्षांचा हा ऐवज शाळेच्या एकुलत्या एक संगणकात, मराठी टायपिंगच्या एका जुन्या प्रोग्रामात होता. तो प्रोग्राम चालायचा फक्त विंडोज सातवर.

मग वरून हुकूम आला, हजेरी ऑनलाइन भरायची, त्यासाठी विंडोज दहा टाका. आदिलाबादहून संतोष नावाचा दुरुस्तीवाला आला आणि त्याने बॅग उघडायच्या आधीच निकाल दिला.

“जुनं सारं फॉरमॅट करा लागते, मॅडम. धडे पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा.”

“दहावर उघडतीन काय ते?”

“उघडतीन, पन अक्षरं नाई दिसनार. नुसते चौकोन अन् चिन्हं.”

“मंग त्याले धडे काऊन म्हनावं?”

मुख्याध्यापक केशवराव मध्ये पडले. माणूस सज्जन, पण हुकूम म्हटला की बसल्या जागी उभा राहणारा. “बाई, जिवाले काऊन लावून घेता? प्रिंट काढून ठेवा. नाईतरी पोरं कमी होऊन राह्यली. शाळा किती वर्सं टिकते, कोनाले ठाव?”

हे मात्र बाईंना झोंबलं.

“शाळा बंद होईन तवा होईन, सर. आज पोरं वर्गात बसून हायेत. अन् प्रिंटातलं वाक्य मले पुढच्या वर्सी बदलता येते काय?” त्यांनी चष्मा काढला. “सात अन् दहा दोन्ही राहतीन. याच मशीनमंदी.”

संतोष हसला. “होते तसं. पन एक बटन चुकलं त सारंच जाते. ती जोखीम मी नाई घेत.”

“तुमी नका घेऊ. मले घेऊ द्या.”

आठवडाभर बाईंनी मोबाइलवर हिंदी-तेलुगू व्हिडिओ पाहिले आणि रविवारी एकट्याच शाळेत आल्या. आधी धडे पेनड्राइव्हवर उतरवले. मग शेतात बांध घालावा तसा डिस्कमध्ये धुरा घातला, अलीकडे जुनं, पलीकडे नवं. त्यांचे आईबाप जन्मभर दुसऱ्यांच्या धुऱ्यांवर राबले. आपल्या हाताने धुरा घालण्यात काय सुख असतं ते लेकीला आज कळलं.

नवं कुठे टाकू, असं संगणकाने विचारलं. दोन भाग, नुसत्या आकड्यांनी ओळखायचे. चुकीच्या आकड्यावर बोट पडलं की जुना प्रोग्राम जाणार आणि पेनड्राइव्हवरच्या धड्यांचे नुसते चौकोन उरणार. त्यांनी आकडा पुन्हा पुन्हा पडताळला आणि बटण दाबलं.

काम संपलं, संगणक सुरू झाला आणि थेट दहात जाऊन बसला. सातचा मागमूस नाही. बाईंना रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. त्या रागातच त्यांनी सेटिंग धुंडाळलं. जुनं जागच्या जागी होतं, फक्त कोणतं उघडू हे विचारायची सोय बंद होती. ती त्यांनी चालू केली. पुढच्या खेपेला काळ्या पडद्यावर दोन्ही नावं आली, एकाखाली एक. कोणी काही निवडलं नाही तर सात उघडावं, असंही बाईंनी करून ठेवलं. तशी गरज नव्हती, पण केलं.

पुढे तपासणीचे साहेब आले. त्यांनी संगणक लावला तर समोर जुनं विंडोज. केशवरावांचा चेहरा पडला.

“हुकूम वाचला नाही का?” साहेबांनी तेलुगूत विचारलं. “नवं आहे ना? मग हे आत्ता पुसून टाका.”

बाईंचं तेलुगू साहेबांइतकंच स्वच्छ होतं. “पुसते, सार. त्याआधी आठवीच्या वर्गात चला. तुमचे धडे आता पुसणार आहोत, हे पोरांना तुम्ही सांगा. तेलुगूत नाही समजलं, तर मी मराठीत समजावून देते.”

त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. पलीकडून आठवीचा गलका येत होता. साहेब खुर्चीतून अर्धे उठले, दाराकडे पाहिलं आणि परत बसले. मग त्यांनी संगणक बंद करून पुन्हा लावला, खालचं, दहाचं नाव निवडलं, हजेरी तपासली, सही केली.

जाताना साहेब ‘पुसा’ म्हणाले नाहीत, ‘ठेवा’ असंही म्हणाले नाहीत. त्यातल्या दुसऱ्या शब्दाची बाईंना गरज नव्हती.