ओवाळणीतलं सिमेंट

माझं घर माझ्या सख्ख्या भावाने मारलं, तेही प्रेमाने. म्हणून तर जास्त चीड येते. परक्याने केलं असतं तर पोलिसात तरी गेले असते.

आंबिवलीच्या पलीकडे, रिक्षावाले "पुढे रोड नाय मॅडम" म्हणून जिथे उतरवतात, तिथून टेकडीला लागून माझी जमीन. शेजारी म्हणाल तर वानरं. ठाण्यातली नोकरी संपल्यावर तिथे मी एकटीने घर उभं केलं. कारवीच्या काठ्या बांधून कूड केला, त्यावर माती, शेण आणि भाताचं तूस कालवून हातांनी लिंपलं. भिंतीभर माझी बोटं उमटलेली. दरवर्षी पावसाळा सरला की पुन्हा लिंपायचं, बस.

गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. टेंभी नाक्याला नवरात्रातल्या देवीचे भोंगे वाजत होते आणि मी जवळच भावाच्या फ्लॅटमध्ये डोळ्यात थेंब घालून पडलेले. "ताई, तिकडे धूळ जाईल डोळ्यात, राहा दिवाळीपर्यंत," म्हणाला. एवढा पुळका आला तेव्हाच मला कळायला हवं होतं!

भाऊबीजेला गाडीतून घरी आणलं. नव्या डोळ्यांनी बघते तर काय, आतून-बाहेरून राखाडी सिमेंट! भावजय मोबाईलवर शूटिंग करतेय.

"ही माझी ओवाळणी. आता शेणात हात घालायला नको," भाऊ म्हणाला.

"अरे शहाण्या, आतली कारवी वाळणार कशी? पाणी आत शिरलं की तिथेच कुजणार!"

"काहीतरीच तुझं. पक्कं काम आहे."

तेवढ्यात भावजय बोलून गेली, "लोक विचारतात हो, तुमची नणंद झोपडीत राहते का?" हां! म्हणजे दुखणं हे होतं. माझ्या हातांची काळजी कुठली, यांची अब्रू वाचवायची होती. पण ओवाळणी परत कशी करणार? दातओठ खात ओवाळलं.

पावसाळ्यात भिंतींना कुबट वास सुटला. मग त्या पोट काढून फुगल्या. कॅलेंडरसाठी खिळा लावायला गेले, तर तो नुसत्या अंगठ्याने आत गेला. पाऊस थांबल्यावर छिन्नी-हातोडा घेतला आणि प्लास्टर उडवायला लागले. आत कारवीचा भुसा आणि वाळवी. एक मोठी खपली उलटी पडली, तिच्या आतल्या अंगावर माझ्या बोटांचे ठसे जसेच्या तसे उठलेले. तिथेच बसून ढसाढसा रडले. त्याला चार शिव्याही घातल्या, अगदी मोठ्याने. ऐकायला होतं कोण?

यंदाच्या भाऊबीजेला तो मिठाईचा बॉक्स घेऊन आला. पडलेल्या भिंती आणि त्यांच्या जागी मी बांधलेला नुसता कारवीचा नवा कूड बघून तोंड उतरलं त्याचं.

"ताई, अगं, माणसं लावून नवीन बांधून देतो. विटांचं."

"एक वीट आणलीस तर याद राख! पँट दुमड आणि तो चिखल तुडव. त्याशिवाय ओवाळणार नाही."

"अहो, तुमची कंबर," भावजय म्हणाली. तिच्या हातात मी शेणाची पाटी दिली.

त्याने तुडवलं. मग थापी शोधायला लागला, ती मी हिसकावली. "हातांनी!" एक भिंत होईपर्यंत ऊन कललं. त्याची बोटं माझ्यापेक्षा जाड, भिंतीवर वेगळी कळतात.

ओवाळताना हळूच म्हणाला, "गेला का राग?"

"नाही," म्हटलं. "अजून तीन भिंती आहेत."