दोन झाकणांवरचा क

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, लेकीला नाही. देवासमोर बसते तेव्हाही तेवढं गाळूनच बोलते. तुम्हाला सांगते — बसा जरा.

मी इथे बेंगळुरात एका प्रयोगशाळेत पेशी सांभाळायचे. दहावी नापास, बाटल्या धुता धुता शिकले. बी पेशी म्हणजे आपल्या रक्तातल्या, अँटिबॉडी बनवणाऱ्या. त्यांनाही वय असतं बरं का! आम्ही एकेका वयावर थांबलेल्या पेशी फ्लास्कमध्ये वाढवायचो. त्यांची इंग्रजी नावं माझ्या जिभेवर बसेनात, म्हणून मी माझीच ठेवली — कोवळ्या, कच्च्या, पिकलेल्या. कोवळ्यांच्या अंगावर अँटिबॉडी दिसत नाही, कच्च्यांच्या दिसते. आणि झाकणावर मी काय लिहायचे? कोवळ्यांना निळा क, कच्च्यांना काळा क.

एक दिवस निळा मार्कर संपला. स्वल्पच तर काम, लक्षात राहील म्हटलं — दोन्हींवर काळाच क काढला.

शुभदा तिथे पीएचडी करायची. मला अक्का म्हणायची. कोवळ्यांना पुढच्या वयात नेणारं औषध ती चार वर्षं शोधत होती. त्या दिवशी मी तिला कोवळ्यांचे म्हणून दोन फ्लास्क दिले — एक औषध घालायला, एक तसाच ठेवायला. पुढे औषधाच्या फ्लास्कात अँटिबॉडी दिसली, तशी पळतच आली.

"अक्का, वयात आल्या हो तुमच्या पोरी!"

"मग स्थळं बघायला घे," मी म्हटलं. किती हसलो आम्ही!

दुपारी इनक्युबेटरमधल्या एकेका फ्लास्कातला थेंब काढून तपासला. कच्च्यांचा एक फ्लास्क कमी होता — कोवळ्यांचा एक जास्त. म्हणजे औषध कच्च्यांवरच पडलं होतं.

तेव्हाच सांगायचं ना? पाच पावलांवर तर होती ती. मी काय केलं — जास्तीचा फ्लास्क ब्लीचमध्ये ओतला, आणि नवा मार्कर मागवला.

तिला तो निकाल पुन्हा मिळेना. महिनोन् महिने मिळेना. निकाल रचलेला आहे अशी कुजबुज सुरू झाली. प्रयोगशाळेच्या मोठ्या सरांनी मला बोलावलं, कन्नडातच विचारलं, फ्लास्क तुम्हीच दिले होते ना? मी म्हटलं, हो, नीट बघून दिले. आणि पुढे — हे तर कुणी विचारलंही नव्हतं — म्हटलं, ती हल्ली फार घाईत असायची.

ती पदवी न घेताच गेली. घालवलीच म्हणा.

आता बेळ्ळंदूरला कुठल्याशा ऑफिसात असते. मागे चिकपेटात साडीच्या दुकानात दिसली. मी नजर चुकवली, तिनेच हाक मारली, मिठी मारली. म्हणाली, "तिथे माझ्यावर विश्वास होता तो फक्त तुमचा, अक्का."

माझ्या दोन्ही पिशव्या घेऊन ती मेट्रोपर्यंत चालत आली. मी घेऊ दिल्या.