हळदीच्या आधीची गोळी

आमच्याकडे बाईला दवाखान्यात नेलं की तिच्या दुखण्याबद्दल बोलायचा पहिला मान मुलाचा, मग जावयाचा, मग गाडी चालवणाऱ्याचा. बाईचा नंबर लागला तर लागला. ह्या विषयावर मी पत्रक लिहिलं होतं, खालापूरच्या नाक्यावर उभी राहून वाटलं होतं, आणि त्याच पत्रकात भजी गुंडाळून घेणारी माणसंही डोळ्यांनी पाहिली होती. तरी मी वाटत राहिले. भजी खाताना का होईना, वाचतील.

गेल्या उन्हाळ्यात कुंभिवलीच्या अलीकडे आमच्या गावात हळद होती. हळदीचं जेवण म्हटलं की माझी आत्या मोरळीवर. मोरळी म्हणजे विळी, पण आत्यासमोर विळी म्हणालात तर ती तुम्हाला पाहुण्यांत धरते. मांडवामागे पंधरावीस बायका पाटावर पाय दाबून वांगी-बटाटे चिरत असतात आणि आत्या चिरता चिरता सगळ्यांच्या फोडींवर नजर ठेवते. कुणाची फोड जाड झाली की तिच्या माहेरापर्यंत उद्धार. त्या सकाळी भरलेलं घमेलं उचलून उठताना तिचा पाय कांद्याच्या सालींवर गेला आणि ती कुशीवर आदळली. पाय बाहेरच्या बाजूला वळून आखूड दिसायला लागला. मांडवातली गादी टेंपोत टाकली, गादीवर आत्या, आणि आम्ही कर्जतच्या दवाखान्यात.

एक्स-रेत खुब्याचं हाड मोडलेलं. डॉक्टर तरुण होते, सरळ बोलणारे. ऑपरेशन लवकर व्हायला हवं म्हणाले, पडून राहिल्या तर छातीत कफ भरतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताची गुठळी होते. मी मान डोलावत होते, कारण माझ्या पत्रकातही जाड ठशात हेच होतं. मग त्यांनी चालू गोळ्या विचारल्या. आत्याचे ठोके अनियमित पडतात म्हणून रक्त पातळ राहायची गोळी होती, सकाळ-संध्याकाळ. शेवटची कधी घेतली, ह्याचं उत्तर अर्थातच तिच्या मुलानं दिलं. दादा रसायनीला कंपनीत आहे, वेळेचा पक्का. "आज सकाळी. मी सोता हातावर देतो. एक दिस चुकला नाय."

डॉक्टर म्हणाले, मग दोन दिवस थांबावं लागेल.

मी भडकले. पॅसेजमध्येच त्यांना गाठलं आणि गरिबाच्या हाडाला इथे किंमत नाही वगैरे जे काही तोंडात तयार असतं ते सगळं ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग सांगितलं की भूल कमरेत, मणक्यांमध्ये सुई घालून देतात. रक्त पातळ असताना तिथे रक्त साचलं तर नसा दाबल्या जाऊन दोन्ही पाय जाऊ शकतात. आणि हाडातून वाहायला लागलेलं रक्त लवकर थांबत नाही ते वेगळंच. "थांबण्यातही धोका आहे, घाई करण्यातही आहे. मला त्यातला कमी निवडायचाय. त्यासाठी शेवटची गोळी पोटात कधी गेली, एवढं खरं कळायला हवं."

तेव्हा एक गोष्ट माझ्या डोक्यात आली: इतका वेळ आत्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. ती खाटेवर पडून, हळदीतून आलेल्या शेजारणीला, वांगी मिठाच्या पाण्यात टाकली का, काळी पडतील, असं विचारत होती.

मी दादाला चहा आणायला पिटाळलं. मग विचारलं, आत्या, गोळी खरंच घेतलीस आज?

"त्याला सांगशील."

"डॉक्टरांना सांगेन."

तिनं कमरेची पानतंबाखूची चंची काढून माझ्या हातात दिली. चुन्याच्या डबीशेजारी गोळ्या होत्या.

"हळदीच्या आधी मी नाय घेत," ती म्हणाली.

मागच्या एका लग्नात तिचं बोट कापलं होतं. रक्त थांबेचना, घमेलंभर फ्लॉवर फेकून द्यावा लागला. "लगनाच्या जेवणात रगत पडलं तं कोण खाईल गं?" तेव्हापासून जेवणावळ आली की आदल्या दिवसापासून गोळी चंचीत. दादाला सांगितलं असतं तर त्यानं गोळी चालू ठेवून मोरळी बंद केली असती, हे तिला ठाऊक होतं, आणि मलाही.

मला राग आला तो तिचा नाही. गोळी सुरू करताना सगळं मुलाला समजावलं होतं. ही बाई दिवसभर धारेशी काम करते, हिला कापलं तर काय करायचं, हे तिच्याशी कुणी बोललंच नव्हतं.

मी डॉक्टरांना बोलावून आणलं. ते स्टूल ओढून तिच्या उशाशी बसले आणि ह्या खेपेला तिलाच विचारलं. शेवटची गोळी परवा संध्याकाळी, डाळभात खाल्ल्यावर, तिनं स्पष्ट सांगितलं. रक्ताचे आणि मूत्रपिंडाचे रिपोर्ट नीट पाहून ते म्हणाले, उद्यापर्यंत गोळीचा अंमल उतरलेला असेल, सकाळी पहिलं ऑपरेशन तुमचं. मग तिला झापलंही. अशी गोळी बुडवली तर गुठळी डोक्यात जाऊन एक बाजू लुळी पडली असती. कापलं तर घट्ट दाबून धरायचं, थांबलं नाही तर इथे यायचं, पण गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही.

दादा चहा घेऊन दारात उभा होता. सगळं ऐकलं होतं. "आये, मी हातावर देत होतो ना?"

"हातावरच देत होतास. तोंडात कुटं घातलीस?"

शेजारीण इतकी हसली की नर्स येऊन ओरडून गेली. शेवटी दादाही हसला आणि आईला द्यायचा चहा स्वतःच प्यायला.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी आत्या वॉकर धरून उभी राहिली, आणि डॉक्टरांनी सांगितल्या दिवशी गोळी परत सुरू झाली. खाली बसायला मात्र बंदी. म्हणजे मोरळी गेलीच.

हिवाळ्यात पुन्हा गावात हळद आली. आत्या मांडवामागे उंच प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर मोड आलेल्या वालांचं ताट. वाल सोलायला नखं पुरतात, धार लागत नाही. खुर्चीवरून तिला सगळ्यांच्या फोडी आणखी चांगल्या दिसतात, त्यामुळे बायका जरा वैतागल्यात. संध्याकाळी दादा गोळी घेऊन आला. तिनं सगळ्यांसमोर ती गिळली आणि आ करून त्याला जीभ दाखवली.

मी पत्रक नव्यानं लिहून नेलं होतं. गोळीबद्दल गोळी खाणारीला विचारा, अशी सुरुवात. तिला वाचून दाखवलं. लय लांब झालंय म्हणाली, आणि वालाची सालं टाकायला मांडीवर पसरून घेतलं.