ताईची धाप

सेलूजवळच्या आमच्या गावात नवरात्रात बायांच्या अंगात येणं म्हणजे नेहमीच्या पाहुण्यानं येणं. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी, एका नवरात्रात माझी थोरली बहीण धापा टाकू लागली तेव्हा म्हणूनच कुणी घाबरलं नाही. श्वास कसला, लोहाराचा भाताच तो! खोल, सलग, न थांबणारा. बाया हळदकुंकू घेऊन आल्या. काकू तर पाया पडून विचारू लागली, "माय, माह्या पोराले नोकरी कधी लागन?"

ताई महिनाभर वाळत चालली होती, घागरीनं पाणी पीत होती. घरचे म्हणाले, उपासानं असेल. तिच्या तोंडाला फार पिकलेल्या केळ्यांचा वास यायचा. पण आमचं घर केळीवाल्यांचं, आतल्या खोलीत घड पिकत घातलेले. तो वास वेगळा ओळखणार कोण?

आई तेवढी भ्यायली. "आता जाय माय, माह्या लेकीले सोड," म्हणत तिनं पदर पसरला. दुपारी ताईला गुंगी आली, तेव्हा कुठे बाबांनी धावपळ करून जीप आणली. वर्ध्याच्या वाटेवर तिचा श्वास मंदावत गेला. आईनं हात जोडले. "ऐकलं मायनं. शांत झाली पोरगी."

दवाखान्यात पोचल्यावर थोड्या वेळानं ताई गेली.

डॉक्टरांनी बाबांना आणि मला बाजूला घेतलं. साखरेचा आजार होता. शरीराला साखर वापरता येईना, म्हणून ते चरबी जाळत सुटलं आणि रक्त आंबट होत गेलं. केळ्यांचा वास त्याचाच. एवढं आम्ल मूत्रपिंडांना घाईनं काढता येत नाही, म्हणून छाती तो भार श्वासावाटे हलका करत होती. "ती धाप तिला जगवत होती," ते म्हणाले. "छाती थकली, तेव्हा ती शांत झाली."

मला देवीचा राग आला, काकूचा आला, त्या मेल्या केळ्यांचाही आला. अजूनही दुपारी घरातलं कुणी निवांत झोपलेलं दिसलं की मी त्याच्या छातीकडे बघत बसते.

बाबांनी आईला यातलं काही कळू दिलं नाही. ती पुढे कितीतरी वर्षं, अगदी समाधानानं, शेजारणींना सांगायची, "माह्या लेकीले मायनं सोडलं होतं वं. शेवटी सुखानं श्वास घेतला तिनं."