अंगदकाका आणि दगडाचं छत

अंगदकाका कशालाच घाबरत नाहीत, याचा मला मनापासून राग यायचा. अकरावी-बारावीची दोन वर्षं लातूरला त्यांच्या घरी राहून मी नीटची तयारी केली. टेस्टच्या दिवशी मी ताट तसंच सारून निघायचे, आणि हा माणूस आमच्याच क्लासच्या गेटवर गार्डच्या निळ्या शर्टात उभा राहून विचारायचा, "जेवलीस का?" घास घशाखाली उतरत नाही म्हणजे काय होतं, हे त्यांना कळायचंच नाही.

काका माझे सख्खे नव्हेत. माझे वडील मल्लिकार्जुन, म्हणजे अप्पा, आणि काका पायदळात एकाच पलटणीत होते. कारगिलच्या लढाईत एकाच बंकरमध्ये. तिथे अप्पांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. अप्पा आता देगलूरला पोस्टासमोर झेरॉक्सचं दुकान चालवतात आणि दर सव्वीस जानेवारीला कुठल्या ना कुठल्या शाळेत एकच गोष्ट सांगतात: मी जखमी होऊन पडलो होतो, गोळे पडत होते, अंगद बाहेर आला आणि मला उचलून घेऊन गेला. ती गोष्ट मला इतकी पाठ होती की अप्पा मध्येच कुठे खोकणार तेही सांगता आलं असतं.

२०१७च्या जुलैत क्लासवाल्यांना पत्ता लागला, की आपल्या गेटवरचा गार्ड कारगिलला लढलेला आहे. लगेच सव्वीस तारखेला, कारगिल विजय दिनाला, सत्कार ठरला आणि भाषणाला अप्पांना बोलावणं गेलं. आदल्या दिवशी दुपारी अप्पांची एसटी यायची होती. गुणाबाईकाकू भाकरी थापत होत्या, मी पुस्तक उघडून बसले होते. काका ड्युटीवरून आले आणि शर्टही न बदलता माझ्यासमोर खाली बसले.

"ऐक माय. तुझा बाप यायच्या आत तुला सांगून टाकतो. मग त्याला सांगणार हाय. त्याचा पाय माझ्यामुळं गेला."

काकूंचा हात परातीत थांबला. हे त्यांनाही माहीत नव्हतं.

काकांनी सुरुवात केली ती लढाईपासून नाही, भूकंपापासून. त्यांचं गाव औसा तालुक्यातलं. १९९३च्या त्या पहाटे ते शेतात राखणीला होते, अठरा वर्षांचे. गावाकडे धावत आले तर माळवदाच्या, म्हणजे मातीच्या जड छताच्या, घराच्या जागी दगडमातीचा ढीग. आई रुक्मिणबाई आणि थोरला भाऊ किशन त्याच्याखाली. आईचा आवाज नव्हता, किशनचा येत होता. काका नुसत्या हातांनी दगड उपसत राहिले. ऊन वर आलं, तेव्हा किशनचाही आवाज थांबला.

पुढे दोन वर्षांनी ते फौजेत भरती झाले, पण दगडाच्या छताखाली पुन्हा निवांत झोपले नाहीत. बेळगावला बराकीत दाराशी अंथरूण टाकायचे आणि सुट्टीवर आले की अंगणात. लातूरच्या घरीसुद्धा ओसरीवरच्या पत्र्याखाली बाज टाकून झोपायचे. मला वाटायचं, उकाडा सोसत नसेल.

आणि कारगिलच्या चौकीवरचा तो बंकर कसा? रचलेल्या दगडांच्या भिंती, वर पत्रे, पत्र्यांवर वाळूची पोती आणि पोत्यांवर पुन्हा दगड. काकांनी तो पाहिला आणि हवालदार मन्मथ यांना म्हणाले, बाहेरचा पहारा मी करतो. स्वतःची पाळी संपली की दुसऱ्याची मागून घ्यायचे. त्या थंडीत, उघड्यावर. सगळी चौकी थक्क झाली. अप्पा तर त्यांची पाठ सोडायचे नाहीत. अंगद आहे तिथे मरण येत नाही, असं त्यांनी पक्कं ठरवून टाकलं होतं.

"मी शूर-बिर न्हवतो माय," काका म्हणाले. "मला आत जायचं भ्या वाटायचं. सांगनार कुनाला?"

मग एके दिवशी भर दुपारी शत्रूच्या तोफांना चौकीचा नेम सापडला. सगळ्यांनी आत राहायचं, पहाराही आतूनच, असा हुकूम आला. मन्मथ हवालदारांनी काकांना दंडाला धरून आत घेतलं. पहिला गोळा खालच्या उतारावर पडला, दुसरा त्याहून वर, चौकीच्या जवळ. जमीन हादरली. तिसऱ्याला पत्र्यांच्या फटीतून माती गळायला लागली आणि काकांच्या मानेवर पडली. तोंडात भूकंपाच्या पहाटेची तीच मातीची चव आली. पुढचं त्यांना स्वतःलाही समजलं नाही. ते जीव खाऊन ओरडले, "पडतंय! भायेर पळा!"

मन्मथ हवालदार शेजारीच होते. त्यांनी काकांचा पट्टा पकडून त्यांना खाली दाबलं. दाराजवळ बसलेले अप्पा मात्र पळाले. ओरडणारा आत राहिला आणि ऐकणारा बाहेर गेला. चौथा गोळा फुटला तेव्हा अप्पा दारापासून पंधरा पावलांवर होते.

काका इथे थांबले. पाणी हवं का, असं मी विचारलं नाही. मला ते द्यायचंच नव्हतं. लहानपणापासून मी अप्पांचा तो पाय रोज पाहिलेला. उन्हाळ्यात टोकाला फोड यायचे, मी मलम लावायचे. या माणसाच्या एका ओरडण्यासाठी?

"मग?" मी विचारलं. माझा आवाज चांगला नव्हता.

मग काका हवालदारांच्या हाताला हिसका देऊन बाहेर धावले. अप्पांच्या पोटरीच्या चिंधड्या झाल्या होत्या, शुद्ध होती. काकांनी त्यांना काखेत धरून ओढत दारापर्यंत आणलं, आणि तिथे त्यांचे पाय थांबले. आत अंधार आणि वरून गळणारी माती. मागे पुन्हा गोळा पडला. अप्पांचं रक्त भळाभळा जात होतं. काका म्हणत राहिले, "हितंच थांबू, खडकाच्या आड थांबू." आतून मन्मथ हवालदार शिव्या घालत होते. शेवटी अप्पाच म्हणाले, "आत चल की रे."

काकांनी डोळे मिटले, दाराकडे पाठ केली आणि अप्पांना ओढत उलट्या पावली आत गेले. हवालदारांनी मांडीला पट्टी आवळली. ती सुटू नये म्हणून काकांनी दोन्ही हातांनी दाबून धरली, पाच तास. जमीन हलत होती, डोक्यावर माती पडत होती. हात काढला असता तर अप्पा गेले असते.

"इतकी वर्षं गप्प का बसलात?" मी विचारलं.

"त्याला सांगायला तोंड न्हवतं मला. पण उद्या सहाशे पोरांम्होरं त्यो मला शूर म्हननार. ते ऐकून घेववनार न्हाई."

अप्पांच्या गोष्टीत ते ओरडणं कधीच आलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पण रागाच्या भरात मी त्यावर विचार केला नाही.

अप्पा तीन वाजता आले. नकली पाय सोडून भिंतीला टेकून बसले. काकूंनी दिलेलं पाणी पिऊन होईपर्यंत काका थांबले, मग उभ्यानेच सगळं सांगितलं. छत हललं नव्हतं, पत्रा वाकला नव्हता, मला आमचं माळवद दिसलं, म्हणाले. अप्पा आता उठून जातील, मला घेऊन जातील, असंच वाटत होतं.

"म्हाईत हाय मला," अप्पा म्हणाले.

"काय म्हाईत हाय?"

"छत पडत न्हवतं ते. माझ्याबी डोक्यावर तेच होतं. मी वर बघितलं की."

"मग पळालास कशाला?"

"तू म्हणलास म्हणून."

काका मटकन खाली बसले आणि त्यांनी तोंड हातांत लपवलं. मला रडू आवरेना. अप्पा मात्र कपाळाला आठ्या घालून विचार करत होते.

"पन ते माळवदाचं मला ठाव न्हवतं, अंगदा. म्हंजे भायेर यायला तुला काईच वाटलं न्हाई?"

"न्हाई," काका म्हणाले.

"आन आत न्यायला?"

अप्पा सरकत सरकत त्यांच्याजवळ गेले आणि त्यांच्या मांडीवर हात ठेवून म्हणाले, "अठरा वर्षं मी पोरांना उलटंच सांगत आलो की रे. भायेर आला, भायेर आला म्हणून. तू मला आत नेलंस."