रिकामा रकाना

मेंढरंवाल्या आप्पांना कुणी "मेंढरं किती?" असं विचारलं, की ते आधी आभाळाकडे बघत, मग हातातल्या काठीच्या टोकाकडे बघत आणि मग म्हणत, "हायती थोडीफार." तलाठ्यानं विचारलं तरी हेच, जनावरांच्या डॉक्टरनं विचारलं तरी हेच. माझ्या वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, एकदा चेष्टेत विचारलं, "आप्पा, पोरं किती तुम्हाला?" तेव्हाही आप्पा शांतपणे म्हणाले, "हायती की थोडीफार." पोरगा एकुलता एक होता. आण्णा ही गोष्ट पुढं कित्येक वर्षं पाहुण्यारावळ्यांना सांगत आणि दर वेळी नव्यानं हसत.

पलूसला आमचा उसाचा मळा. दिवाळी सरली, की जतकडच्या कोरड्या मुलखातून आप्पांचा कळप आमच्याकडे येई. मोकळ्या झालेल्या रानात मेंढरं रात्रभर बसत, रानाला खत होई आणि त्याबदली आमच्या घरातून आप्पांकडे ज्वारी-गहू जाई. घोड्याच्या पाठीवर सगळा संसार, मागंपुढं दोन कुत्री, डोक्यावर बुट्टी घेतलेल्या त्यांच्या बायको हौसाआई आणि मुलगा म्हाळू. मिरगाच्या आधी ही मंडळी परत फिरत. मी सहा वर्षांची असल्यापासून आप्पा मला 'अक्का' म्हणत. चाळिशी गाठली तरी मी अक्काच राहिले.

पुढं सांगलीला कॉलेजात नोकरी लागली, आणि नोकरीत पुढं सरकायचं तर पीएच.डी. हवी, असं सगळे सांगू लागले. माझा विषय संख्याशास्त्र. मार्गदर्शक सरांनी आणि मी मिळून एक भारदस्त शीर्षक जुळवलं, 'मेंढपाळ कुटुंबांची आर्थिक स्थिती : एक सांख्यिकीय अभ्यास'. कॉलेजच्या पंख्याखाली बसून मी प्रश्नावली तयार केली. उंटावरून शेळ्या हाकणं ही म्हण शाळेत शिकले होते, पण ती आपण इतक्या शब्दशः खरी करू असं वाटलं नव्हतं. पहिला प्रश्न होता, 'आपल्याकडे एकूण मेंढ्या किती?' आणि पहिलेच उत्तर देणारे होते आप्पा.

"अक्का, मेंढरं मोजत न्हाईत गं."

"का?"

"मोजलं की नजर लागती. आन् मोजायची कशाला? वळखीच्या मानसाला कुनी मोजतं व्हय?"

"मग एखादं हरवलं तर कळणार कसं?"

आप्पा हसले. "हायती ती कोन बघतंय? जी न्हाई ती दिसती."

प्रश्नावलीत या उत्तराला जागाच नव्हती, म्हणून मी ते समासात लिहून ठेवलं. ती प्रश्नावली पुढं रद्दीत गेली. समास तेवढा राहिला.

ते कसं दिसतं, हे मी लहानपणापासून बघत आले होते, फक्त मला ते कळलं नव्हतं. दिवस मावळताना आप्पा वाघरीच्या तोंडाशी उभे राहत. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. काठी आडवी धरायची, एक मेंढरू आलं की वर उचलायची, ते आत गेलं की पुन्हा आडवी. ओठ सारखे हलत असत. मला वाटे, म्हातारा देवाचं नाव घेतोय. प्रत्यक्षात ते मेंढरांची नावं घेत असत. कानतुटी, भोरी, भोरीची धाकटी, मुकी, मुकीची थोरली. कधी मध्येच काठी थांबे आणि आप्पा ओरडत, "म्हाळू, बांडी न्हाई रं! वढ्याकडं बघ!" आणि बांडी ओढ्याकडेच सापडे.

सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "आकडे देत नसतील तर स्थलांतराचे मार्ग घ्या. नकाशा तरी काढता येईल." झालं, शीर्षक बदललं. त्या वर्षी आमच्याकडे ऊस उशिरापर्यंत उभा होता, रान मोकळं नव्हतं, म्हणून आप्पा औंधच्या बाजूला निघाले. मीही मोबाइलवर नकाशा उघडून त्यांच्याबरोबर चालायला लागले. दुसऱ्याच दिवशी टाचांना फोड आले. हौसाआईंनी हळद-तेल लावलं आणि आप्पांनी मोबाइलकडे बघून विचारलं, "ह्ये यंत्र वाट दावतंय म्हंतीस. पाला कुठं हाय ते दावतंय का?" दाखवत नव्हतं. आम्ही तीन वेळा वाट बदलली, आणि तिन्ही वेळा कारण एकच, पाला. औंधला पोचल्यावर त्यांनी यमाईला डोंगराच्या खालूनच हात जोडले. मी म्हटलं, "वर जाऊन या की, मी थांबते." तर म्हणाले, "मेंढरं तुज्या भरवशावर सोडू व्हय? द्येवीला म्हाईत हाय आमी आलोय ते."

नकाशा काही जमला नाही, आणि विद्यापीठाच्या समितीनं तर कळपाचा आकार नसेल तर अभ्यास अपुरा आहे असं कळवून टाकलं. इथं मी ते केलं, जे मी करायला नको होतं.

आमच्या मळ्याजवळ कालव्यावर एक अरुंद पूल आहे. त्यावरून मेंढरं एकामागून एकच जातात. पुढच्या वर्षी कळप पुन्हा आमच्याकडे आला, तेव्हा एका सकाळी मी आडोशाला उभं राहून मोबाइलवर चित्रीकरण केलं, घरी येऊन ते संगणकावर थांबवत-थांबवत तीनदा मोजलं. तिन्ही वेळा आकडा एकच आला, तो मी वहीत लिहून ठेवला. संध्याकाळी आप्पा ओसरीवर चहा घेत होते. मला राहवलं नाही. वर्गात पहिल्या आलेल्या पोरीसारखं मी तो आकडा आण्णांसमोर मोठ्यानं सांगितला. आप्पांनी कपबशी खाली ठेवली. अर्धा चहा तसाच होता. ते उठले, रानात गेले आणि कमरेच्या पिशवीतला भंडारा मुठीनं मेंढरांवर उधळत सगळ्या कळपाभोवती फिरले. तो आकडा मी इथंही लिहिणार नाही.

पंधरवडाही झाला नाही आणि भर थंडीत पाऊस आला. दोन दिवस, दोन रात्री, बोचऱ्या वाऱ्यासकट. भिजलेली लोकर वाळेना आणि मेंढरं गारठून गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी रानात गेले तेव्हा आप्पा आणि म्हाळू मेलेली मेंढरं ओढून बांधाशी ओळीनं ठेवत होते. हौसाआईंनी मला बघितलं आणि त्यांचा बांध फुटला. "अक्का, ती वही जाळ तुजी! जाळ आदी!"

"गप ए," आप्पा म्हणाले. "पाऊस काय अक्काची वही बघून पडला व्हय?"

पाऊस का पडतो हे मला ठाऊक आहे. दोन गोष्टी एकामागून एक घडल्या म्हणजे पहिलीमुळं दुसरी घडली असं होत नाही, हे तर मी दर वर्षी फळ्यावर लिहून शिकवते. तरीही त्या बांधावर मला जी शरम वाटली, ती अजून गेलेली नाही. मोजल्यानं मेंढरं मेली नाहीत. पण त्या माणसानं जन्मभर जपलेली गोष्ट मी चहाच्या कपाबरोबर उधळून टाकली होती, आणि वर त्यानंच मला पाठीशी घातलं.

मग आप्पा म्हणाले, "वही हाय न्हवं? बस हितं. मेल्याली मोजाय हरकत न्हाई. पर नुसती मोजू नगंस. लिव्ह."

ते ओळीच्या एका टोकापासून निघाले. एकेका मेंढराशी वाकायचे, कपाळावर हात ठेवायचे आणि सांगायचे. ही भोरीची धाकटी, पावसात जल्मली आन् पावसातच गेली. ही कानतुटी, कुत्र्यानं कान तोडला तवापास्नं मला सोडून चरत न्हवती. ही मुकी. हिचा आवाज मी एकदाच ऐकला, काल. मी लिहीत होते आणि शाई फुटत होती. दुपार झाली तेव्हा ओळ संपली.

"तुजं पुस्तक झालं की ह्ये मला वाचून दाव," ते म्हणाले. "म्या इसरलो तरी कागुद इसरायचा न्हाई. आन् चुकलं आसलं तर सांगीन."

"दाखवते आप्पा," मी म्हटलं.

माझा विषय त्या बांधावर दुसऱ्यांदा बदलला. आता मला मेंढ्यांची संख्या नको होती, वाटाही नको होत्या. माणूस न मोजता कसं जपतो, हे मला लिहायचं होतं. सर डोक्याला हात लावून म्हणाले, "बाई, हा विषय आहे की मेंढरू? एका जागी बसेल तर शपथ!" पण ती यादी वाचल्यावर समितीपुढं माझ्यासाठी भांडले ते तेच. तीच यादी माझं तिसरं प्रकरण झाली.

पुढची वर्षं मात्र मी कशात घालवली, हे सांगताना जीभ जड होते. यादी तयार होती. पण मला तळटीपा नीट करायच्या होत्या, संदर्भसूची एका पद्धतीत बसवायची होती, प्रस्तावना पुन्हा लिहायची होती. आप्पा दर वर्षी येत आणि विचारत, "अक्का, तुजं वाढतंय न्हवं?" किती पानं झाली, असं त्यांनी कधी विचारलं नाही. "वाढतंय आप्पा, झालं की वाचून दाखवते," मी म्हणे. मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि चालणं थांबलं. म्हाळूनं कळप विकला आणि तो ऊसतोडणीच्या यंत्रावर चालक म्हणून लागला. आमच्या रानात दिवाळीनंतर कुणी आलं नाही. एकदा म्हाळूचा फोन आला, "अक्का, आप्पा इचारत्यात, वाचाय कवा येनार?" मी म्हटलं, "बांधणी होऊ दे, मग येतेच." मला तो ग्रंथ कापडी बांधणीत, सोनेरी अक्षरांत त्यांच्या हातात द्यायचा होता. ज्याला अक्षर येत नव्हतं आणि आता दिसतही नव्हतं, त्याच्यासाठी मी सोनेरी अक्षरांची वाट बघत बसले! पलूसहून जत म्हणजे काही विलायत नाही. कुठल्याही रविवारी वही घेऊन गेले असते तरी चाललं असतं.

सांगलीत बांधणीवाल्याच्या दुकानात उभी असताना म्हाळूचा दुसरा फोन आला. आप्पा जाऊन चार दिवस झाले होते. तेव्हाही जतला जायचा धीर मला झाला नाही.

तोंडी परीक्षेला साताऱ्याहून एक वयस्कर परीक्षक आले होते. त्यांनी पानं उलटत विचारलं, "या तक्त्यात 'मेंढ्यांची संख्या' हा रकाना रिकामाच आहे. छपाईची चूक आहे का?"

"नाही सर."

"म्हणजे आकडा मिळाला नाही?"

"मिळाला होता," मी म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, तिसरं प्रकरण उघडून थोडा वेळ वाचलं आणि तो प्रश्न सोडून दिला. तासाभरानं सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले, मला डॉक्टर म्हणून हाक मारली. मी पेढा खाल्ला. तो कसा लागला ते आठवत नाही.

त्या रविवारी मी जतकडे गेले. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. माळावर पत्र्याचं दोन खणांचं घर, पुढं झाडलेलं अंगण. हौसाआई दारात बसल्या होत्या. उंबऱ्यावर आप्पांची काठी आडवी ठेवलेली होती. मी अंगणातच बसले, प्रबंध मांडीवर घेतला आणि तिसरं प्रकरण वाचायला लागले. प्रत्येक नावाला हौसाआई नुसतं "व्हय" म्हणत होत्या. एके ठिकाणी म्हणाल्या, "ती धाकटी न्हवं, मधली." मी पेन काढून सोनेरी अक्षरांच्या त्या ग्रंथात दुरुस्ती केली. शेवटी मुकीचं नाव आलं, आणि यादी संपली.

मग त्या म्हणाल्या, "डोळं गेल्याव बी सांच्याला ह्या दारात हुबं ऱ्हायाचं. काठी आडवी धरून. येकेक नाव घ्यायचं, मेल्याली, इकल्याली, समदी. शेवटाला म्हनायचं, 'एक आत याची हाय अजून.' म्या म्हनायची, 'आवं, आता कुटलं मेंढरू ऱ्हायलंय?' तर म्हनायचं, 'मेंढरू न्हवं गं. अक्का.'"

मी मान खाली घातली. समोरची अक्षरं दिसेनाशी झाली.

हौसाआई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. उंबऱ्यावरची काठी त्यांनी उचलून बाजूला धरली.

"ये," त्या म्हणाल्या, "आत ये आता."