खिळ्यावरचा माउस

"चालून राहिलं ना सर?" असं विचारत ती प्रयोगशाळेत शिरायची आणि माझं उत्तर यायच्या आत माउस हलवून स्वतःच खात्री करून घ्यायची. पडदा उजळायचा, आकडे धावताना दिसायचे, मग कुठे खांद्यावरची पिशवी खाली उतरायची. लगेच पुन्हा माउस. चुलीवर दूध ठेवलेल्या बाईलाही याहून जास्त धीर असतो.

बूड टेकून बसणं ठाऊक नसलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी गोंदियाच्या एका कॉलेजात शिकवतो आणि ही माझी विद्यार्थिनी देवरीकडून बसने यायची. संशोधनाचा विषयही तिने स्वभावाला शोभेल असाच घेतला. कॉम्प्युटरपुढे एकदम दहा कामं आली तर आधी कुठलं, हे त्याची ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते. लिनक्सचा कोड सगळ्यांना खुला असतो. त्यात तिने एक बदल केला होता, तातडीच्या कामाचा नंबर हमखास वेळेवर लागावा म्हणून.

"एवढी कसली घाई गं?" मी एकदा विचारलं.

"सर, वेळ दोन प्रकारची राह्यते. ढिली अन् पक्की. चहा उशिरा आला तरी पेता येते, ते ढिली. पण राइस मिलच्या पट्ट्यात कोणाचा हात गेला अन् बटन दाबलं, तर मशीन तवाच थांबली पाह्यजे. मंग थांबून काय फायदा?"

तिचे बाबा राइस मिलमध्ये कामाला होते. हे बोलताना तिचा सतत हलणारा पाय थांबला होता.

जगभरची मंडळी मिळून हा कोड सांभाळतात. आपला बदल त्यांनी घ्यावा, एवढाच तिचा ध्यास. त्यासाठी चाचणी तासन्‌तास चालायला हवी आणि एकदाही उशीर दिसायला नको. पण उशिराचे आकडे मधूनच उसळी मारायचे. तिने कोड उलटापालटा केला, मशीनचा पंखा बदलायला लावला, शेवटी माझ्यावर संशय घेतला.

"तुमी हात लावला काय सर?"

"मी कायले लावू?" मीही तिच्याच बोलीत.

मग एक दिवस रस्ता बंद पडला, बस आली नाही. चाचणी आदल्या दिवसापासून चालूच होती; दिवसभर तिने फोन करून मला भंडावलं. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर आलेख सपाट, उसळी नावालाही नाही. ती आलेखाकडे बघत राहिली, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे.

"मीच होती ना सर?"

तीच होती. माउस हलला की ते जुनं मशीन क्षणभर सगळं सोडून त्याच्याकडे धावायचं आणि तातडीचं काम ताटकळायचं. मला हसू आवरेना. ती रागावली, मग तीही हसली. तिने माउस काढून खिडकीशेजारच्या खिळ्याला टांगला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली. इतकं कष्टाचं बसणं मी दुसरं पाहिलं नाही.

तिने बदल पाठवला. उत्तर येईना. परीक्षा संपली, बाबांनी दम्यामुळे मिल सोडली आणि ती देवरीच्या एका पतसंस्थेत नोकरीला लागली. जाताना म्हणाली, "खिळ्यावरचा माउस काढू नका सर."

पावसाळा सरल्यावर उत्तर आलं, मलाही त्याची प्रत होती. 'तुमचं म्हणणं बरोबर आहे. दरम्यान कोड पुढे गेला आहे. नव्या आवृत्तीवर तपासून पुन्हा पाठवा.' मी लगेच फोन लावला. तिच्या मागे गिऱ्हाइकांचा गलका होता.

"लय उशीर केला त्याईनं," ती म्हणाली. "पण सर, हे ढिलीवालं होय ना?"

"होय."

"मंग येते मी. रविवारी."

रविवारी बाबांना दवाखान्यात न्यावं लागलं. पुढचे रविवारही असेच गेले. शेवटी तिने कोड तिकडूनच पाठवला आणि चाचणी मी सुरू केली. तिच्या खुर्चीत मी बसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

पतसंस्थेत जेवणाची सुट्टी झाली की तिचा फोन येतो. "चालून राहिलं ना सर?"

पडदा काळा असतो. माझी नजर खिळ्याकडे जाते, हात शिवशिवतो. तो मांडीखाली दाबून मी सांगतो, "चालून राहिलं."